चाकावरचा उपाशी उंदीर

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं, उसाच्या फडांच्या जागी इमारती आल्या, तरी जुन्या घरांच्या परसात गावठी कोंबडी अजून दिसते. तिच्यातली एखादी खुडूक बसली की घरातल्या बाईला लगेच कळतं. पिसं फुगवून ती अंड्यांवर दबून बसते, हात जवळ नेला की गुरकावते आणि समोर ज्वारी टाकली तरी चार दाणे टिपून परत अंड्यांवर जाते. एकवीस दिवस हा प्रकार चालतो. पिल्लं बाहेर पडल्यावर तिला उचलून पाहा, हाताला हलकी लागते आणि छातीचं हाड बोटांना टोचतं. दाणा समोर होता, आजार कसलाच नव्हता, तरी बाईसाहेबांनी खाल्लं नाही.

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात निकोलस म्रोसोव्स्की आणि डेव्हिड शेरी यांनी १९८० च्या सुमारास हे नीट मोजून पाहिलं. आपल्या कोंबडीची मूळ पूर्वज असलेली रानकोंबडी त्यांनी घेतली. उबवणीला बसलेली कोंबडी दाणा असूनही दिवसागणिक वजन घालवते, हे तर दिसलंच. मग त्यांनी तिचा उरलासुरला दाणाही काही दिवस बंद केला, वजन आणखी खाली नेलं आणि पुन्हा दाणा ठेवला. आता ती भराभर खायला लागली. पण उबवणीआधीचं वजन काही तिने गाठलं नाही. मध्ये दाणा बंद झाला नसता तर त्या दिवशी तिचं जे वजन असतं, तिथवर ती आली आणि पुन्हा खाणं आखडलं. म्हणजे तिची भूक शाबूत होती. शरीराने स्वतःपुरती धरलेली वजनाची रेघच खाली सरकली होती आणि भूक त्या नव्या रेघेची राखण करत होती.

माणसाच्या एका भयंकर आजाराकडे जाताना ही कोंबडी लक्षात ठेवलेली बरी. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा बहुतेकदा किशोरवयात सुरू होतो आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त दिसतो. मुलगी आधी गोड सोडते, मग तेल-तूप, मग भात, मग रात्रीचं जेवण. वजन घसरतं, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, नाडी मंदावते; तरी खाण्याचा विषय निघाला की तिच्या तोंडावर भीती दिसते. भूक लागत नाही असं मात्र नसतं. कित्येकींचं डोकं दिवसभर अन्नातच घुटमळतं. इतरांसाठी त्या हौसेने रांधतातही. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांत याची गणना होते. लंडनच्या विल्यम गल यांनी आणि पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी १८७३ मध्ये जवळपास एकाच वेळी त्याचं वर्णन केलं. गल यांनी नोंदवलेली एक गोष्ट पुढे फार कामाला आली: हाडांचा सापळा झालेली ही मुलगी अंथरूण धरत नव्हती, उलट एका जागी बसायला तयार नव्हती, सारखी हालचाल करत होती.

विसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी या आजाराचं खापर बराच काळ आईवर फोडलं. नंतर मासिकांतल्या सडपातळ मॉडेलांची पाळी आली. दोन्हींत काही तथ्य असेलही, पण तेच मासिक चाळणाऱ्या हजार मुलींपैकी एखादीच या खाईत का पडते, याचं उत्तर त्यात नव्हतं. २०१९ साली सुमारे १७,००० रुग्णांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात आजाराशी जोडलेल्या आठ जागा सापडल्या आणि त्यांचे धागे मनोविकारांइतकेच शरीराच्या चयापचयाकडेही जात होते. तेव्हापासून या आजाराला निम्मा मनाचा, निम्मा चयापचयाचा मानणाऱ्यांचं पारडं जड होत गेलं आहे.

अडचण अशी की रुग्णाकडे पाहून कारण आणि परिणाम वेगळे करता येत नाहीत. मुलगी डॉक्टरांपुढे येते तेव्हा ती कित्येक महिने उपाशी असते, आणि नुसती उपासमारच माणसाचं काय करते ते आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा इथे अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटातला घास तासन्‌तास चिवडत बसले. अ‍ॅनोरेक्सियाची म्हणून जी लक्षणं आपण मोजतो, त्यांतली कितीतरी या माणसांत उतरली होती. म्हणजे रुग्णाच्या रक्तात किंवा मेंदूत जे बदललेलं दिसतं, ते आधीपासून होतं की उपासाने झालं? हे कळायला आजार सुरू होण्याआधीपासून पाहावं लागतं. माणसात ते शक्य नाही, म्हणून पिंजऱ्यातला उंदीर.

औषधासाठी जनावर ही गोष्ट मांजरी गावाला तशी नवी नाही. इथल्या सीरम इन्स्टिट्यूटचं मूळच घोड्यांत आहे. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे; त्यांच्या रक्तातून धनुर्वात, सर्पदंश यांवरची प्रतिविषं तयार व्हायची. हे काम आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली संस्था काढली. पण त्या घोड्याकडून आपल्याला हवं होतं त्याचं रक्त. त्याने माणसासारखं आजारी पडावं अशी अपेक्षा नव्हती. अ‍ॅनोरेक्सियाच्या संशोधकाला मात्र जनावर हवं आहे ते रुग्णाच्या जागी उभं राहायला. ज्या आजाराचं अर्धं अंग आरशात आणि वजनकाट्यावर असतं, त्याचा रुग्ण उंदीर कसा होणार?

उंदराला उपाशी ठेवणं सोपं आहे. आपल्या पुण्यातच त्याचा एक थक्क करणारा प्रयोग झाला. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय इथल्या संशोधकांनी सिडनी विद्यापीठाच्या साथीने विस्टार जातीचे उंदीर एक-दोन नव्हे, ५० पिढ्या अर्धपोटी वाढवले. आनंदवर्धन हर्डीकर यांच्या नेतृत्वाखालचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उंदरांची पिल्लं जन्मतःच कमी वजनाची होती, पण पोटात चरबी जास्त, इन्सुलिनला दाद कमी, आणि मधुमेह होण्याची शक्यता आठ पट. नंतर दोन पिढ्यांना पोटभर खायला दिलं तरी हे बिघाड दुरुस्त झाले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ काढलेल्या आपल्या समाजात मधुमेह का बोकाळला, याचा माग काढायला हा उंदीर मोलाचा आहे. अ‍ॅनोरेक्सियाचा रुग्ण म्हणून तो चालत नाही, कारण त्याचं ताट दुसऱ्याने काढून घेतलेलं असतं. इथे हवा आहे तो समोरचं अन्न स्वतःहून न खाणारा उंदीर.

असा उंदीर पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो एका भारतीय शरीरशास्त्रज्ञाला. बालकृष्ण आनंद, पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्र विभाग उभा करणारे, तेव्हा अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर काम करत होते. १९५१ मध्ये त्यांनी दाखवलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा बाजूचा इवलासा भाग दोन्हीकडून निकामी केला की उंदीर अन्नाच्या ढिगाशेजारी उपाशी मरतो. त्या भागाला ‘भुकेचं केंद्र’ म्हणू लागले आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आनंद यांचं नाव गेलं. अ‍ॅनोरेक्सियाचं गूढ आता उकललं असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. पण हा उंदीर पाणीही पीत नव्हता, मलूल पडून राहायचा. नळीने भरवून काही आठवडे जगवला तर पुष्कळदा हळूहळू खायलाही लागायचा. गल यांची सापळा झालेली, तरी येरझारा घालणारी मुलगी त्याच्यात कुठेच नव्हती.

ती सापडली फिरत्या चाकात. १९६७ साली अर्येह राउटेनबर्ग आणि अ‍ॅन कुझनेसोफ यांनी उंदरांना दिवसातून एकच तास अन्न दिलं; उरलेले तेवीस तास पिंजऱ्याला जोडलेलं धावचाक त्यांच्यासाठी खुलं ठेवलं. हा प्रयोग आजही जवळपास तसाच करतात, म्हणून तो जरा जवळून पाहू. तुलनेसाठी एक उंदीर चाक नसलेल्या पिंजऱ्यात असतो. त्यालाही एकच तास अन्न. पहिले काही दिवस त्याचं वजन घसरतं, मग तो शिकतो, त्या तासात पोट भरून घेतो आणि सावरतो. चाक असलेल्याचं गणित उलटं जातं. पहिल्या दिवशी तो साधारण धावतो. दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. बघता बघता दिवसाला काही किलोमीटर होतात. अन्न येण्याच्या आधीच्या तासांत तर चाक थांबतच नाही. आणि तो मोलाचा एक तास येतो, तेव्हा तो चाक नसलेल्या उंदराइतकंसुद्धा खात नाही. जितकं वजन उतरतं तितकं धावणं वाढतं. हस्तक्षेप केला नाही तर तो मरतो. आता नियमांमुळे पाव वजन गेलं की उंदराला प्रयोगातून काढून पोटभर खायला देतात. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली संस्थेच्या आचारसमितीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग मांडता येत नाही.

नुसतं अन्न कमी केलं तर उंदीर जगतो, नुसतं चाक दिलं तरी मजेत असतो. दोन्ही एकत्र आले की सापळ्यात सापडतो. कोवळ्या वयाचे उंदीर प्रौढांपेक्षा लवकर अडकतात. सगळेच सारखे अडकत नाहीत, एकाच वाणाच्या, शेजारशेजारच्या पिंजऱ्यांतले काही तगून जातात, आणि हा फरक कशाने पडतो हाच आजच्या संशोधनाचा खरा कस आहे. नर-मादीचा मुद्दा मात्र गोंधळाचा. मुलींमधला आजार म्हटल्यावर माद्या जास्त अडकाव्यात. पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

चाक हा पिंजऱ्यातला वेडाचार आहे, मोकळ्या उंदराला त्याचं काय, असा आक्षेप बरीच वर्षं घेतला जायचा. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या योहाना मायर यांनी चक्क मोकळ्या रानात एक चाक ठेवून कॅमेरा लावला. रानउंदीर आपणहून येऊन धावले. बेडूकही येऊन गेले, आणि एक गोगलगायही.

उपाशी प्राण्याने पळावं कशासाठी? शक्ती राखून पडून राहणं शहाणपणाचं नाही का? इथे लेप्टिन नावाचं संप्रेरक येतं. ते शरीरातल्या चरबीतून रक्तात येतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदूला कळतं की शिलकीचा कोठा रिकामा होत आला. रानातल्या उंदराला ही खबर म्हणजे हुकूम असतो, इथे अन्न नाही, ऊठ आणि दुसरीकडे शोध. जर्मनीतल्या संशोधकांनी २००० साली उपाशी उंदरांना बाहेरून लेप्टिन दिलं आणि त्यांचं वेडं धावणं थांबलं. पोट भरल्याची खबर देणारं संप्रेरक उपाशी रुग्णाला द्यायचं, हे वाचायला उफराटं वाटतं. पण धावण्याचं बटण तिथेच असेल तर ते बरोबर आहे. वीस वर्षांनी योहानेस हेबेब्रांड आणि सहकाऱ्यांनी अगदी मोजक्या रुग्णांना कृत्रिम लेप्टिन देऊन पाहिलं. काही दिवसांतच त्यांची खिन्नता कमी झाली, सतत हालचालीची ओढ उतरली, डोक्यातला अन्नाचा धोशा कमी झाला, असं त्यांनी नोंदवलं. एवढ्या थोड्या रुग्णांवरून उपचार ठरत नाही, मोठ्या चाचण्या लागतील. तरी उंदरापासून माणसापर्यंत अखंड आलेला धागा म्हणून या आजारात मला हा सर्वांत भरवशाचा वाटतो.

दुसऱ्या एका धाग्याचं नशीब निराळं निघालं. स्पेनमधले एमिलिओ गुतिएरेस यांनी चाकवाल्या उंदरांची खोली ३२ अंशांपर्यंत तापवली. धावणं मंदावलं, खाणं वाढलं, वजन परत आलं. उपाशी शरीर थंड पडतं आणि प्राणी ऊब मिळवायला धावतो, असा तर्क होता. तो इतका सुटसुटीत होता की रुग्णांवरही चाचणी झाली. २००४ मध्ये २१ रुग्णांपैकी काहींना ऊब देणारं जॅकेट घालायला दिलं आणि इतरांना तसंच जॅकेट, पण ऊब बंद. दोन्ही गटांच्या वजनवाढीत फरक पडला नाही. उंदरात दिसलेलं माणसात दिसेलच असं गृहीत धरणाऱ्यांनी हे जॅकेट भिंतीला टांगून ठेवावं. अंगावर केसांचा कोट असलेला, मुठीएवढा प्राणी उष्णता ज्या वेगाने घालवतो, त्या वेगाने माणूस घालवत नाही. एवढं तर आधीच ठाऊक होतं.

मधल्या काळात जनुकांच्या बाजूने आलेल्या नमुन्यांनी तितकं दिलं नाही. १९८४ मध्ये वर्णन झालेला ‘एएनएक्स’ नावाचा छोट्या उंदराचा वाण प्रसिद्ध आहे: पिल्लं आईजवळ असूनही पुरेसं पीत नाहीत आणि महिन्याभरात मरतात. त्यांच्या मेंदूतल्या भूक चेतवणाऱ्या पेशींची जाळी बिघडलेली असते. पण दुधावरच्या पिल्लाला किशोरवयीन मुलीच्या जागी कसं बसवणार? या पिल्लांनी दिलं ते भूक चेतवणाऱ्या पेशींचं महत्त्व. त्या पेशींना ‘एजीआरपी’ म्हणतात. चाकाच्या प्रयोगात त्या निकामी केलेले उंदीर टिकले नाहीत, हे येलमधल्या गटाने २०२० मध्ये दाखवलं.

याच भुकेच्या मज्जारसायनांवर महाराष्ट्रात सर्वांत चिकाटीचं काम झालं ते नागपुरात. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि दादासाहेब कोकरे यांच्या गटाने ‘कार्ट’ नावाच्या पेप्टाइडचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. कोकेन आणि अ‍ॅम्फेटामाइन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत १९९५ मध्ये सापडलं म्हणून त्याला ते नाव मिळालं. १९९८ मध्ये कळलं की हायपोथॅलॅमसमधलं कार्ट भूक दाबतं. नागपूरकरांनी त्याला रोजच्या जगण्यातल्या गोष्टींशी जोडलं: निकोटीन, दारू, स्त्री-संप्रेरकं, एकटेपणा. २०१२ च्या एका अभ्यासात त्यांनी स्त्रीबीजकोश काढलेल्या मादी उंदरांना इस्ट्राडिऑल दिलं. त्यांचं खाणं घटलं आणि या घटीत कार्टचा हात असल्याचं दिसलं. वयात येताना मुलीच्या अंगात याच संप्रेरकाचा पूर येतो, हे लक्षात घेतलं तर हा शोध कुठे नेऊ शकतो ते उमजतं. त्याने सगळं उलगडतं असं मात्र नाही, कारण आजार पुढे गेला की पाळी थांबते, इस्ट्राडिऑल तळाला जातं आणि तरी मुलगी खात नाही.

याच गटाचा २०११ चा अभ्यास मला अधिक विचारात पाडतो. कळपातल्या उंदराला एकटं ठेवलं तर तो झुरून खाणं सोडेल, असा आपला अंदाज. झालं उलटं. एकटे ठेवलेले उंदीर जास्त खाऊ लागले, वजनाने वाढले, आणि त्यांच्या मेंदूतलं कार्ट उतरलं. चाकाच्या प्रयोगात उंदीर बहुतेकदा एकेकटेच ठेवतात, म्हणजे प्रत्येक चाकामागे हा एकटेपणाही गुपचूप काम करत असणार. तो चाकाच्या बाजूने की विरुद्ध, हे वेगळं काढल्याशिवाय त्या निष्कर्षांकडे जरा जपून पाहावं लागतं.

उंदराला आरसा नसतो आणि नातेवाइकांच्या लग्नात ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ म्हणणारी मामी नसते, म्हणून हे सगळंच फोल, असं काही मानसशास्त्रज्ञ म्हणतात. मला तसं वाटत नाही. आरसा नसलेला प्राणीही, थोडं अन्न आणि खूप धाव यांच्या कचाट्यात सापडला की स्वतःला मरणापर्यंत नेतो, ही बातमी फार मोठी आहे. आजाराची सुरुवात कशाने होते ते उंदीर सांगणार नाही. एकदा सुरू झाल्यावर ‘अगं, दोन घास खा ना’ एवढ्याने तो का थांबत नाही, हे तो सांगू शकतो. हट्टी, नखरेल म्हणून मुलीला बोल लावणाऱ्या घरात तेवढं पोचलं तरी पुष्कळ. किशोरवयीन रुग्णांसाठी आज ज्याला सर्वाधिक पुरावा आहे, त्या उपचारात आईवडीलच प्रत्येक जेवणाची सूत्रं हातात घेतात आणि आजाराला मुलीपासून वेगळं धरतात.

आपल्याकडच्या रुग्णांबद्दल मात्र एक पेच उरतो. १९९५ मध्ये एम्सच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुण स्त्रियांची प्रकरणं मांडली. अन्न नाकारणं, उलट्या, घसरलेलं वजन, थांबलेली पाळी, सगळं होतं. पण आपण जाड आहोत हा ग्रह त्यांच्यात नव्हता, आणि ती अस्वस्थ धावपळही नव्हती. म्हणजे गल यांच्या मुलीत आणि राउटेनबर्गच्या उंदरात जे समान होतं, नेमकं तेच इथे गायब. पाच रुग्णांवरून देशाचा नियम होत नाही. पण भारतातल्या मुलींमध्ये आजार याच वाटेने येत असेल, तर आपल्या प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यातून चाक बाहेर काढावं लागेल आणि कोवळ्या वयाच्या माद्यांमध्ये, धावण्याशिवाय, खाणं कशाने आटतं ते शोधावं लागेल. नागपूरच्या कार्टच्या कामाला आणि पुण्याच्या अर्धपोटी पिढ्यांना जोडणारा प्रयोग त्या दिशेने मांडता येईल. चाकावर बेतलेलं लेप्टिनचं औषध उद्या इथल्या दवाखान्यांत आलंच, तर न धावणाऱ्या मुलीला ते लागू पडेल की नाही, हे तोवर कळलेलं असायला हवं.